हंडा माझ्याकडे, विरजण तुझ्याकडे

प्रिय हाल्डोरदादा,

धाकट्या भावाचा नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण मागच्या आठवड्यात कमरेवर ओंडका पडला, म्हणून हा ताठच करतो आहे. राग मानू नये. तुझी आणि वहिनींची तब्येत ठीक असेल. बर्गनला पाऊस असेलच, ते विचारत नाही. तू गेल्यापासून आपलं लिहिणं नाताळच्या कार्डापुरतंच राहिलं, त्यामुळे एवढं जाड पाकीट बघून कोणी गेलं की काय असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. मी तेवढा संपत आलो आहे. (दुकानात फोन आहे, पण त्यावर बोललेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोऱ्याला पाठ होतं.)

तर झालं असं, की आईला पुढच्या महिन्यात ऐंशी पूर्ण होतात आणि तिने मध्ये एका रविवारी चर्चबाहेर उभं राहून, मला न विचारता, सगळ्या खोऱ्याला बिअर प्यायला बोलावलं. घरची बिअर, बाबांच्या त्या भल्यामोठ्या तांब्याच्या हंड्यातली. आपल्याकडे पिंप उघडल्याचा वास आला की लोक न बोलावता येतात, इथे तर आमंत्रण गेलंय. मी म्हटलं, दुकानातून चार क्रेट आणतो. ती म्हणाली, "आण की. माझ्या दफनालाही तीच दे, म्हणजे लोक लवकर घरी जातील." आणि विणायला लागली. घरची बिअर नसेल तर ती वाढदिवसाला टेबलाशी बसणारच नाही, आणि ती बोलते तसंच करते हे तुला सांगायला नको. बाबा गेल्यापासून हंड्याखाली जाळ नाही. वाटणीत हंडा माझ्याकडे आला, बिअर आंबवायचं विरजण तुझ्याकडे गेलं, आणि त्यावरून आपण काय काय बोललो ते मी इथे उकरून काढत नाही. (तूच जास्त बोललास.)

हंडा चुलीवरून उतरवला तर तळाला भोक. खालच्या गावातल्या ओले नावाच्या तांबटाकडे न्यायचा ठरवला, पण हंडा अंगणातल्या चुलीच्या घराच्या दारातून बाहेर निघेना. उभा, आडवा, तिरका, सगळं करून पाहिलं. मग मी भिंतीचे ओंडके काढायला घेतले. शेजारचा तोर्गिल्स कुंपणावर हात ठेवून बघत होता. तू त्याला ओळखतोस, मदत सोडून सगळं करतो. म्हणाला, "ओद्मुंड, घर विकायला काढलंस होय? असं एकेक ओंडका?" निम्मी भिंत उतरल्यावर आई बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, की बाबांनी आधी हंडा ठेवला होता, मग त्याच्याभोवती घर बांधलं. मला वाटलं तुला माहीत असेल, म्हणाली. मला माहीत नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला, तेवढ्यात वरचा ओंडका कमरेवर आला. हंडा बाहेर निघाला, गवतात ठेवला, आणि तोच ओले मोटरसायकलवरून आपली हत्यारं घेऊन हजर. "तुझे हाल चाललेत असं दुकानात कळलं, म्हणून मीच आलो. आत बसूनही भोकाला डाग देता आला असता." त्याने तिथेच गवतात बसून डाग दिला, कॉफी प्याला आणि गेला.

आता हंडा पुन्हा बसवायचा. बाहेर काढताना मी चुलीचे दगड पाडले होते, ते माझ्या अकलेप्रमाणे रचले. पाणी भरलं तर एका काठावर ओसंडून माझ्या बुटात, आणि दुसऱ्या काठाला अजून वीतभर जागा. पुन्हा रचलं, तर ओसंडणारा काठ बदलला, बूट तेच. तोर्गिल्सचं म्हणणं पडलं की हंडा सरळ आहे, वाकडं घरच झालंय. दादा, मी त्या दगडांवर बसून रडलो. हसू नकोस. मेंढ्या मोकळ्या भिंतीतून आत येऊन माझ्याकडे बघत होत्या.

शेवटी हंडा बसला. वासासाठी जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, त्या पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, भिजवलं, गोड पाणी इतकं सुंदर उतरलं की मला बाबांची आठवण होऊन भरून आलं. आणि विरजण? मी दुकानातून पावाचं यीस्ट आणलं. (इथे तू वाचताना थांबला असशील. थांब खुशाल.) टाकताना रीतीप्रमाणे पोटातून ओरडलोसुद्धा, कारण ओरडल्याशिवाय बिअर होत नाही म्हणतात. बाबा टाकायचे आणि तू ओरडायचास, तेव्हा पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वर करायची. मी ओरडलो तर तोर्गिल्सने कुंपणावरून विचारलं, काही चावलं का. स्वयंपाकघरात गेलो. आईला आताशा फार कमी ऐकू येतं. तिने विचारलं, "टाकलंस का?" म्हटलं, ओरडलो ना आत्ता. म्हणाली, "मला नाही ऐकू आलं. मग नाही व्हायची." आणि नाहीच झाली. ओल्या पावासारखी लागत होती. आईने एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, आणि पेला खिडकीतल्या कुंडीत ओतला. झाड अजून जिवंत आहे, बरं दिसत नाही.

मी हात टेकले आहेत. मोठ्या भावाला कळवावं एवढ्यासाठीच लिहिलं, बाकी काही मागणं नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा मोडलेला भाऊ,
ओद्मुंड

ता. क. बाबांचं विरजण तू वाळवून ठेवलं असशीलच. थोडं बाटलीत घालून शुक्रवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे दे. तू स्वतः येण्याची अजिबात गरज नाही.

ता. क. २. माझ्या बायकोने, राग्नाने, हे पत्र वाचलं. विचारते, बाटली ओरडणार आहे का?

ता. क. ३. भिंत मी अजून लावलेली नाही. आज ओंडके उचलायला गेलो तर आई खुर्ची घेऊन त्या मोकळ्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसली होती. म्हटलं, वारा लागेल, आत चल. म्हणाली, "राहू दे उघडं. हाल्डोर ओरडला की मला ऐकू येतं."