क्लच प्लेटची पूजा

२ ऑक्टोबर १९८८, रविवार
मेव्हण्याच्या गाडीचा क्लच गेला. चंद्रप्रकाश बोटीवर नोकरीला गेला तेव्हा त्याच्या लाल इटालियन स्पोर्ट्स कारमधून मीच त्याला एअरपोर्टला सोडलं होतं. उतरताना म्हणाला, भावोजी, गाडी तुमच्या मुलुंडच्या सोसायटीत राहू दे, आठवड्यातून एकदा फक्त इंजिन चालू करा. आता इंजिन चालू केल्यावर माणूस जुहूला जाणारच. सहा महिन्यांत अठरा वेळा गेलो. माझा दोष शून्य. मी डावा पाय सतत क्लचवर अलगद टेकवून ठेवतो, त्याला कंट्रोल म्हणतात. इटालियन मालच कच्चा.
चंद्रप्रकाश दसऱ्याला येतोय. त्याला कळलं तर सासरी माझी काडीची किंमत राहणार नाही. क्लच मी स्वतः बदलणार. त्याला पत्ताही लागणार नाही.

३ ऑक्टोबर
नीला म्हणाली, अहो, पितृपक्षात कसलं काम काढताय? हसलो. क्लचला पितर नसतात. बायकांना काय सांगायचं!

४ ऑक्टोबर, संध्याकाळ
गेटसमोरच्या गॅरेजमधला धोंडू न बोलावता आला. गिरणी बंद पडल्यावर मेकॅनिक झालेला माणूस. म्हणाला, साहेब, ह्येचा इंजिन मधी आसा, सीटांच्या पाठी. गिअरबॉक्स खालसून काढूक व्हयो. माका देवा, दोन दिसांत करून दितंय. मी मॅन्युअल दाखवून विचारलं, हे वाचता येतं? मुकाट्याने निघून गेला. मॅन्युअल इटालियन भाषेत आहे. चित्रं मात्र स्वच्छ आहेत.

८ ऑक्टोबर
कॅज्युअल लीव्ह. गाडी विटांवर चढवली. गिअरबॉक्स उतरला. म्हणजे पडला. खाली नीलाची गोधडी घातली होती म्हणून वाचला. गोधडी गेली. धोंडूने धावत येऊन माझ्या पायावरून गिअरबॉक्स उचलला. आगंतुक.

१० ऑक्टोबर
ग्रँट रोडला जाऊन झिजलेल्या क्लच प्लेटवर नवीन लायनिंग मारून आणलं. गेटवर धोंडू म्हणाला, साहेब, प्लेट कोरडी ठेवा हां, तेलाचो थेंब लागाक देव नका, घसरतली. जळतो, दुसरं काय.

११ ऑक्टोबर, घटस्थापना
पितृपक्षात काम काढलं म्हणून नीला अजून रुसलेली. कटकट मिटावी म्हणून प्लेट घटासमोर ठेवली. आता नीट पूजा कर, म्हटलं. तिने कुंकू वाहिलं, पण ते टिकेना, सारखं झडे. शेवटी मीच समईतलं तेल बोटाने दोन्ही बाजूंना चोळलं. कुंकू झकास बसलं! यंत्राला तेल मानवतंच. हे धोंडूला कोण सांगणार?

१६ ऑक्टोबर
प्लेट कालच आत बसवली, पण गिअरबॉक्सचा शाफ्ट काही तिच्यात जाईना. सकाळपासून गाडीखाली आडवा. इटालियन लोकांना शिव्या घातल्या, विटांना घातल्या. धोंडूने वाकून नुसता हात लावला आणि शाफ्ट सरकला. योगायोग.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी
काम फत्ते. सगळे पाने-हातोडे पूजेला मांडले. नीला म्हणाली, अहो, उद्या तो यायच्या आधी एकदा चालवून तरी बघा. मी म्हटलं, नारळ फोडल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही. शंकेखोर बाई.

२० ऑक्टोबर, दसरा
गाडीला झेंडूचा हार. अख्खी सोसायटी गॅलरीत. चंद्रप्रकाश दहाला आला, टॅक्सीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, वा भावोजी, कशी ठेवलीत! नारळ फोडला. मी रुबाबात बसलो, पहिला गिअर टाकला, पाय सोडला. इंजिन गरजलं. गाडी जागची हलली नाही. अजून जोर दिला. धूर आला आणि भजी करपल्यासारखा वास.
धोंडू नाक वर करून म्हणाला, साहेब, प्लेटीक तेल लावलात? नीलाच्या पूजेवर ढकलणार होतो, शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ती माझ्याकडेच बघत होती.
चंद्रप्रकाश रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने स्वतःच्या बॅगेतून एक खोका काढला. आत नवीकोरी क्लच प्लेट. म्हणाला, एअरपोर्टला जाताना तुमचा डावा पाय बघितला होता ना भावोजी, तेव्हाच ठरवलं, येताना घेऊन यायची.
प्लेट त्याने धोंडूच्या हातात दिली. मी हात पुढे केला होता.

२३ ऑक्टोबर, रविवार
धोंडूचं काम दोन दिवसांत झालं. नीला आज भावाबरोबर जुहूला गेली. गाडीत सीटा दोनच. येताना शेवटच्या मोकळ्या रस्त्यावर तिनेच चालवली म्हणे. धोंडूने तिला निघताना एवढंच सांगितलं होतं, ताई, डावो पाय खाली ठेवा.
माझ्यासाठी भेळ आणली. मऊ पडली होती. खाल्ली.