भुईमुगाच्या ढेपेचं प्रोटीन

३ नोव्हेंबर १९६३, अकोला
डॉक्टर म्हणाले, बाळंतपणात गोदाच्या अंगातलं प्रोटीन सरलं, पाय त्यानंच सुजले. रोज दोन अंडी द्या. मी शांतपणे सांगितलं, आमच्या आईच्या गळ्यात माळ आहे, घरात अंडं येत नाही, आणि मी स्वतः कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. प्रभाव पडला असावा.
संकल्प : प्रोटीन घरीच काढायचं.

५ नोव्हेंबर
गोदाला थिअरी समजावली. अमिनो अॅसिड म्हणजे मणी, वीस तऱ्हेचे. एकाला एक जोडून लांब साखळी, आणि साखळी स्वतःभोवती घड्या घालून बसलेली. उकडलं की घडी मोडते, साखळी शाबूत. ती पोटात तुटते, त्याच मण्यांतून आपलं अंग बनतं. गोदानं विचारलं, "मंग उकडल्यानं ताकद जात नाई म्हणता?" म्हटलं, जात नाही, उलट पचायला बरं. तिनं पुन्हा विचारून खात्री केली. बायकोला विज्ञानाची गोडी लागते आहे.
शेजारच्या पंचफुलाबाई बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. लक्ष देऊन ऐकत होत्या.

१० नोव्हेंबर
तेलाच्या मिलमधून भुईमुगाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आणली. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घातली, प्रोटीन विरघळलं. गोदाच्या लुगड्यातून गाळलं. लुगडं गेलं. मग थेंबथेंब अॅसिड. ठरावीक आंबटपणाला रेणूवरचे धन-ऋण भार बरोबरीत येतात, रेणू एकमेकांना ढकलेनासे होतात आणि साका खाली बसतो. बसला.

१३ नोव्हेंबर
साका धुऊन वाळवला. सोड्यात मोरचूद टाकून टेस्ट घेतली. जांभळा रंग. प्रोटीनच. चव साबणाची. जीभ जरा सोलली, पण सवय होईल. गोदाला रोज तीन चमचे सुरू.

२५ नोव्हेंबर
सूज उतरली. बाळाला दूध पुरतं. गोदा रोज पंचफुलाबाईंकडे जाऊन येते, येताना तजेलदार दिसते. चालण्याचाही फायदा असेल. (भिंतीला भिंत आहे.)
आई म्हणते, सुनेच्या तोंडाला कसलासा वास येतो. सांगितलं, प्रोटीनमध्ये गंधक असतं.

२ डिसेंबर
प्रिन्सिपॉलांच्या कानावर घातलं. येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी विज्ञान मंडळात माझं व्याख्यान. लेक्चररची जागा रिकामी आहे. नवीन कोट शिवायला टाकला.

१४ डिसेंबर
हॉल भरला होता. शेवटी पुरावा म्हणून गोदाला स्टेजवर बोलावलं. प्रिन्सिपॉलांनी कौतुकानं विचारलं, भुकटी कशातून घेता.
गोदा म्हणाली, "भुकटी मागच्या गोठ्यातल्या म्हशीले टाकली जी. तिनं तोंड नाई लावलं. मी पंचफुलाबाईकडं अंडी खाल्ली. आमच्या यायनंच सांगतलं, उकडल्यानं ताकद जात नाई."
प्रिन्सिपॉल सर्वांत शेवटी हसायचे थांबले.
बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आई न जेवता देवापुढे जाऊन बसली.

१५ डिसेंबर
सकाळी आई नातवाला घेऊन बाहेर पडली. पाहतो तो पंचफुलाबाईंच्या ओट्यावर. हातात त्यांच्या घरच्या चहाची कपबशी. आजवर तिनं त्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, आई, माळ.
म्हणाली, "माळ माह्या गळ्यात हाये, तुले काय करनं? हिच्यानं सून जगली माही. तुह्या भुकटीवर रायली असती त लेकरू उपाशी रायलं असतं."
पंचफुलाबाईंनी तिला अजून चहा दिला. मला विचारलं नाही.

२० डिसेंबर
लेक्चररची जागा अमरावतीच्या माणसाला गेली. गोदा म्हणाली, तुमी बी रोडावले, एक अंडं खात जा. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. विचार करायला वेळ मागितला.
खाल्लं. मीठ कमी होतं.