कालचा भात

न्युरेम्बर्ग
दि. १ फेब्रुवारी २०१७

ती. प्रभाताईस,
धाकट्या शुभाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून कागदच पुढे ओढला. आज वसंत पंचमी, आणि इथे छपरांवर बर्फ!

ह्यांची साखर काही उतरत नाही. चैत्रात परतल्यावर आकडा असाच दिसला तर इन्शुलिन सुरू करू, असं डॉक्टरांनी निघतानाच बजावलंय. म्हणून चार महिने भात बंद. राजापूरच्या माणसाला भात बंद म्हणजे काय, तुला वेगळं सांगायला नको. इथला काळा पाव आमटीत बुडवून खातात, आणि जेवण झालं का विचारलं तर अजून बसलोच कुठे म्हणतात.

आता नवल ऐक. आपली लेक स्वरूपा इथे अन्नाच्या प्रयोगशाळेत आहे ना, ती सांगते, भात पेज काढून शिजवावा, लगेच पसरून निववावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. बाहेर राहिला तर बाधतो. दुसऱ्या दिवशी चांगल्या वाफा येईपर्यंत गरम करायचा. थंडीत त्यातलं थोडं पीठ असं आवळतं, की आतड्याला चटकन फुटत नाही; साखर बेताने चढते. माझ्या मॅट्रिकच्या बुद्धीला पटेना. मग ताजं शीत आणि कालचं शीत शेजारी ठेवून चिमटीत दाबलं. कालचं खरंच ताठ गं! मी बघतच राहिले. नात ऊर्जा लगेच ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली, जसा काही शोध तिनेच लावलाय.

पण हे ऐकतील तर शपथ! अडतीस वर्षांत पानात शिळं पडलं नाही, ते जर्मनीत येऊन का पाडून घेऊ म्हणतात. मनात येतं, न सांगता वाढावा. पण नवऱ्याला फसवून घास घालणं पापच ना? लगेच कळव.

तुझ्या मायेची ऊब इथवर पोचू दे.

तुझी,
शुभा


राजापूर
दि. १३ फेब्रुवारी २०१७

चि. सौ. शुभास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. फसवू नकोस. इतकी वर्षं पोथी वाचतेस आणि एवढं सुचलं नाही? भात संध्याकाळी कर, देवाला ताजा दाखव, तुळशीपान ठेव, मग निवव आणि ठेव तुझ्या त्या कपाटात. सकाळी तो प्रसाद. प्रसाद कधी शिळा होतो का? गाणगापूरचा पेढा दिनकरराव आठव्या दिवशीही खिशातून काढून खातात, तेव्हा नाही शिळं आठवत! मात्र प्रसाद मुठीएवढाच, ढीग नव्हे, हेही त्यांना ऐकव.

आणि एक विचारते. त्यांच्या पानात शिळं पडलं नाही, तर उरलेलं जात कुठे होतं? आपल्याला ठाऊक आहे. त्यांना आहे का?

जपून राहा, बर्फावर मिरवू नकोस.

तुझी ताई,
प्रभा


न्युरेम्बर्ग
दि. ४ मार्च २०१७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच केलं, सगळं सांगून. घरून आणलेलं वाळकं तुळशीपान ठेवलं. प्रसाद म्हटल्यावर ह्यांनी निमूट हात पुढे केला.

स्वरूपाने पारख करायचं ठरवलं. सोमवारी ताजा भात, मोजून एक वाटी, वर तीच आमटी. दोन तासांनी बोट टोचलं: २१८. बुधवारी कालचा, तेवढाच: १८४. शुक्रवारी पुन्हा कालचा: १८९. स्वरूपा म्हणते, एवढ्यावर हुरळू नका, प्रत्येकाचं शरीर वेगळं, गोळ्या चालूच ठेवायच्या, चैत्रात डॉक्टर काय ते ठरवतील. खरंय तिचं. पण ताई, तोच तांदूळ, तेच पातेलं, तोच माणूस! बंद दाराआड अंधारात त्या शितांना कोण काय शिकवून गेलं? मी फ्रिजला हात जोडले. ऊर्जा खो खो हसली.

आज पुढचं घडलं. तुझा प्रश्न मनात होता, म्हणून त्यांना वाढून मी त्यांच्यासमोरच डब्यातलं खरवडून माझ्या ताटलीत घेतलं. त्यांनी पाहिलं. विचारलं, तुला तर साखर नाही, मग तू कालचा का घेतेस, आणि कधीपासून? मी म्हटलं, लग्न झाल्यापासून. ते उठले, माझी ताटली आपल्या पानाशेजारी आणली आणि दोन्हीतला भात चमच्याने सारखा केला. आधी मला वाढला, गं.

तुझ्या एका प्रश्नाने एवढं केलं, तेव्हा विचारत राहा.

आता रोज संध्याकाळी उद्याचा भात टाकते. दोघांचा.

तुझी,
शुभा