पायरीखालची अक्षरं

१४ सप्टेंबर २०२४

ती. शीलाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून हे कागदावर. सफरचंदांच्या गोदामातली नोकरी बरी चाललीय. पोलंडमधलं हे गाव एवढंसं. एक चौक, एक चर्च आणि रविवारी वाजणारा बंबवाल्यांचा बँड. घरमालकीण यानिनाबाई अठ्ठ्याऐंशीच्या, एकट्याच असतात. इथे बाईमाणसाला 'पानी' म्हणतात. पहिल्याच दिवशी शेजारीण 'पानी यानिना' ओरडत आली, तर मी ग्लास भरून घेऊन गेले!

बाई सूप देतात, पण प्रश्न संपत नाहीत. आडनाव काय, तुझे लोक कोण, तुला इथे पाठवलं कुणी. आणि हो, तुझं पत्र पोचलं, पण तू पाकिटाला एवढा डिंक का फासतेस? दोनदा चिकटवल्यासारखं दिसतं.

तब्येतीला जप.
तुझी राजसी

६ ऑक्टोबर

चि. राजसीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

एकतीस वर्षं पोस्टात काढली मी. पाकीट दोनदा चिकटवणाऱ्यातली मी नव्हे. ते कुणीतरी वाफेवर उघडलंय, आणि कोणी ते मी बदलापुरात बसून सांगते. आडनाव विचारणारी माणसं मला पाठ आहेत. इथे खोली शोधत होते तेव्हा चार मालकांनी आधी आडनाव विचारलं आणि मग गावाहून पाहुणे येणार असल्याचं सांगितलं. तुझे बाबा म्हणतात, ताई उगाच संशय घेते. घेते तर घेते. तू दुसरी खोली बघ. कपाटाला कुलूप लाव.

गावाचं नाव पाकिटावर लिहिताना तीनदा खोडलं. सोपं गाव नव्हतं का मिळालं?

काळजीत असलेली,
तुझी आत्या

२७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझा संशय खरा निघाला, पण कारण भलतंच आहे. शाळेतले म्हातारे निवृत्त मास्तर मला चौकात भेटले. म्हणाले, यानिनाबाई तुझं पत्र घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. आपली देवनागरी दाखवून त्यांनी विचारलं म्हणे, माझ्या पायरीखाली आहेत ती अक्षरं हीच का?

मग मास्तरांनी सांगितलं. युद्धाआधी अर्धं गाव ज्यू होतं. शिंपी, बेकरीवाले, बंबवाल्यांच्या बँडमधले कर्णेवाले. बेचाळीसच्या शरदात जर्मनांनी एका दिवसात सगळ्यांना स्टेशनवर चालवत नेलं, परत कुणी आलं नाही. पुढे त्यांच्या कबरींचे हिब्रू अक्षरं कोरलेले दगड लोकांनी अंगणात, गोठ्यात, पायरीला लावले. मास्तर हे सांगताना दोनदा मागे वळून बघत होते.

घरी येऊन मी जमिनीवर आडवी झाले आणि पायरीखालच्या फटीत बोटं घातली. कोरलेलं काहीतरी लागलं, आत्या. मान वर केली तर खिडकीत बाई. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, नाताळाआधी खोली रिकामी कर. बेकरीतल्या बाईनेही आज माझ्याकडे पाठ फिरवली. काय करू?

राजसी

१५ नोव्हेंबर

चि. राजसीस,
अनेक आशीर्वाद.

आधी वाटलं लिहावं, बॅग भर. मग बसून विचार केला. तुला कधी सांगितलं नाही. पाचवी खोली मिळाली ती मी आडनाव खोटं सांगितलं म्हणून. अकरा वर्षं तिथे राहिले. दाराची कडी वाजली की आधी कपाट लावून घ्यायचे. बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेला. घाबरलेलं माणूस दुसऱ्यावरच पाळत ठेवतं, मी शेजारणींवर ठेवायचे.

तिचं माझ्यासारखं नाही. मी माझं नाव लपवलं, तिने दुसऱ्याचं. तरी ती घाबरलीय हे मला इथून दिसतंय. तिच्याशी भांडू नकोस, दगडाला एकटीने हात लावू नकोस. समोर बस आणि विचार. बहुतेक आजवर तिला कुणी विचारलंच नसेल.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

८ डिसेंबर

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

विचारलं. माझ्या मोडक्या पोलिशमध्ये आधी सांगितलं की मला कुणी पाठवलेलं नाही, तुमचं घर मला नको. माझ्या आत्यालाही नावावरून दारातून परत पाठवलं होतं. बाईंनी टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. मग बोलल्या. हे घर एका ज्यू बेकरीवाल्याचं. त्याची मुलगी एस्तेरा बाईंबरोबर अंगणात खेळायची. त्यांना नेल्यावर बाईंचं कुटुंब इथे राहायला आलं. युद्धानंतर वडिलांनी हातगाडीवरून तो दगड आणला. हा कुणाचा, असं यांनी विचारलं तर थोबाडीत बसली. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. पण कधीतरी कुणीतरी येऊन घर मागेल, ही धास्ती जन्मभर राहिली. मी आले, त्यात तुझं ते न वाचता येणारं पत्र आलं, आणि त्यांना वाटलं, आले.

शनिवारी बाईंच्याच सांगण्यावरून मास्तर चार बंबवाल्यांना आणि पहारी घेऊन आले. दगड उलटला. मास्तरांना थोडी हिब्रू येते, त्यांनी अक्षरं वाचली. राखेल नावाची बाई, १९११ साली वारलेली. यानिनाबाईंनी ते नाव त्यांच्यामागून हळूच म्हटलं. ओढ्यापलीकडच्या जुन्या कबरस्तानात आम्ही तो नेऊन उभा केला. गल्लीभर पडदे हलत होते. बाहेर मात्र कुणी आलं नाही. खोलीचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही.

आज सकाळी फाटकाला आणखी दोन दगड टेकवून ठेवलेले दिसले, ओल्या चिखलासकट. एकावर विळ्याला धार लावल्याच्या खाचा होत्या. कुणी आणले, कळलं नाही. बाईंनी खिडकीतून पाहिलं, कोट चढवला आणि मला म्हणाल्या, कोमट पाणी आण. मग दोघी गुडघ्यांवर बसून चिखल काढत राहिलो.

माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी राजसी