द्वारपालाच्या मरणाचे पान

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंद्याने मुद्रितशोधक, पोटाने नादुरुस्त पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली न येता (ताई शेजारच्या खोलीत आहे, पण दार लोटलेले आहे) सर्वप्रथम अशी तक्रार नोंदवून ठेवतो की, या घरात गेली वीस वर्षे साखरेच्या डब्यात ओला चमचा घातला जातो. गुन्हेगार ताई आहे. माझ्या पश्चात तिने गुठळ्या स्वतः फोडाव्यात.

गुरुवारी माझे पोट उघडणार आहेत. "साधी शस्त्रक्रिया आहे हो," डॉक्टर म्हणाले, आणि चार कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. म्हणून हा पाचवा कागद.

कलम एक. घरातला माझा अर्धा हिस्सा ताईला. चमच्यासकट.

कलम दोन. संस्कृतचे सगळे कोश भाचीला. ती ते उघडणार नाही याची मला खात्री आहे. पण त्यांच्याखाली चुरगळलेले कागद उत्तम सपाट होतात.

कलम तीन. ताईच्या सात खंडी अद्भुत कादंबरीचा नायक राजपुत्र आहे. सत्तावीस वर्षांत त्याला वाचकांची अकरा पत्रे आली, त्यांतली दोन घोड्याची चौकशी करणारी. द्वारपालाला नऊशेच्या वर आली. हा गृहस्थ भीतीपोटी शत्रूला किल्ल्याचे दार उघडून देतो, गप्प बसतो, आणि पुढले पाच खंड त्याच दारात उभा राहून झाल्या गोष्टीची भरपाई करू बघतो. भाची म्हणते, "राजपुत्राचं काय घेऊन बसलास मामा, तो जन्मतःच चांगला! द्वारपालाला बिचाऱ्याला सुधारावं लागतं."

या पत्रांना द्वारपालाच्या नावाने उत्तरे मी देतो. एका परिचारिकेने लिहिले होते, "माझ्या हातून रुग्णाला चुकीची बाटली लागली. तुम्ही परत दारात उभे राहिलात, म्हणून मीही परत कामावर गेले." हे काम आता भाचीने करावे. उत्तर पंधरा दिवसांत जावे. उपदेश नको; उपदेश करायला द्वारपालाला तोंड कुठे आहे?

कलम चार. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, वर्तमानपत्राच्या घडीत, दुसऱ्या खंडाच्या हस्तलिखिताचे पान दोनशे बारा आहे. ते ताईचे आहे, तिला परत द्यावे. त्या पानावर द्वारपाल तटावरून पडून मरतो.

ताई, ते पान छापखान्यात हरवले नव्हते. अक्षरजुळणी होण्याआधीच मी ते गठ्ठ्यातून काढून घेतले होते. मला तो माणूस आवडला होता आणि तुझ्याशी भांडून त्याला वाचवायचा विचार होता. तू तेव्हा तापाने पडली होतीस. भांडण राहिले, पुस्तक छापून झाले, आणि त्यात द्वारपाल जिवंत राहिल्याने पुढल्या खंडांत तुलाही त्याला जिवंतच ठेवावे लागले. पान प्रकरणाच्या शेवटचे, त्यामुळे बांधणी होईपर्यंत कोणाला पत्ता नाही. छापखान्याच्या मालकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "माझ्यापर्यंत ते पान आलंच नाही." मग ते हरवणारा एकच माणूस उरत होता, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी. त्याला त्याच आठवड्यात काढून टाकले. जाताना मला म्हणाला, "जाऊ दे रे. माझ्या हातून पान गेलं असेल, तर द्वारपाल तरी वाचला. बरा माणूस होता."

कलम पाच. मालकांना काहीही देऊ नये. त्यांनी चौकशी केली नाही, हे मला सोयीचे पडले. तरी राग आहेच.

कलम सहा. जुळारी आता रबरी शिक्के करतो, दर मंगळवारी आमच्याकडे चहाला येतो आणि "द्वारपालाचं पुढं काय रे?" असे विचारतो. माझी बचत त्याला द्यावी असे मी योजले होते. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. आणि साक्षीदार मला तोच हवा आहे. तेव्हा बचत त्याच्या मुलीला.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण हा मनुष्य आयुष्यभर उलटी अक्षरे वाचत आला आहे, आणि हे लिहिताना तो टेबलाच्या पलीकडे बसला आहे. कलम तीनपर्यंत हसत होता. आता चहा निवतो आहे.

नऊशे लोकांनी द्वारपालाला क्षमा केली, कारण त्याची बाजू त्यांनी पाच खंड वाचली. जुळाऱ्याची बाजू मी कोणालाच वाचू दिली नाही. शस्त्रक्रियेची मला भीती वाटते, पण थोडी. खरी भीती ही की हा सही करील, पेन खाली ठेवील, आणि पुढच्या मंगळवारी येणार नाही.

स्थळ: आमचे चहाचे टेबल. दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा मंगळवार.

सही: मुद्रितशोधक

साक्षीदार पहिला: वकील

साक्षीदार दुसरा: जुळारी. वाचून सही केली.