उसना झगा

आई,

लेकीचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, पोटभर जेवते, खोकलाही गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

दादाचा फोन आला होता. कॉलेजच्या जाहिरातीतला माझा पदवीदानाच्या झग्यातला फोटो तू मोठा करून भिंतीवर लावलास म्हणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस, पोरगी पदवीधर झाली. अगं, मी अजून दुसऱ्याच वर्षाला आहे!

यंदा पदवी घेणाऱ्यांत आपल्या लोकांपैकी एकही नाही. आले होते बरेच. कुणी रात्रपाळी करून वर्गात पेंगायचं, कुणाला सर सगळ्यांदेखत म्हणायचे, "तुमच्याकडच्यांना हे झेपत नाही." एकेक करत सगळे गळाले, कुणी साधं विचारलंही नाही. पण जाहिरातीत आपल्यासारखा काळा चेहरा हवाच ना यांना! फोटोवाल्या बाईंनी मला भर वर्गातून उठवलं, एका गोऱ्या मुलीचा झगा अंगावर चढवला आणि म्हणाल्या, "हास की, पास झालीस असं समज!"

फोटो झाला आणि झगा लगेच काढून घेतला. मी वर्गात परतले तोवर हजेरी होऊन गेली होती. सरांनी माझी गैरहजेरी मांडली, ती मांडलीच.

खोलीतली मैत्रीणही परवा सामान बांधून कायमची घरी गेली. आता खोलीत शांतता असते, अभ्यास बरा होतो. काळजी करू नकोस.

तो फोटो आजच उतरव. खिळा मात्र काढू नकोस.

तुझी,
धाकटी