नवरीच्या गाडीची तपासणी

बेलपर, मंगळवार

प्रिय नॉर्मन,

तुम्हा उभयतांस नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. नसला तरी शनिवारी त्याला घेऊनच लग्नाला यावं लागेल. इकडे सगळं क्षेमकुशल आहे. म्युरिएल (तुमची बहीण, म्हणजे ओळखत असालच) टोप्यांच्या ढिगात बुडाली आहे, आणि घरात शुद्धीवर असलेलं माणूस एकच, ते म्हणजे खुद्द नवरी.

नाताळच्या जेवणात टर्कीची तंगडी हातात धरून तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात, 'क्लेमंट, हा सांगाडा रस्त्यावर आला की कळव हं, मी बघायला पायी चालत येईन.' तर कळवतो: आला. गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेली माझी गाडी सरकारी तपासणीत पास झाली, तिला नंबर मिळाला. रोवेना नऊ वर्षांची असताना मी तिला शब्द दिला होता की तुला चर्चच्या दारात याच गाडीतून उतरवीन. तो पाळायला आता कोणाच्या बापाच्या परवानगीची गरज नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांना (म्हणजे दुकानात जाऊन गाडीचा फक्त रंग निवडणाऱ्यांना) यातलं सुख कळायचं नाही, पण तुम्ही वाचा तरी.

तपासणी केंद्रावर थ्रेल नावाचे एक गृहस्थ आहेत. चहात साखरेऐवजी मीठ घालून पीत असावेत असा चेहरा. ब्रेक उत्तम, दिवे उत्तम, धूर माफक. इंजिनाचा असा काही आवाज मी त्यांना ऐकवला की दगडाला पाझर फुटावा, पण थ्रेलांच्या मिशीचा केस हलला नाही. मग त्यांनी काठीच्या टोकाला बसवलेला एक गोळा काढला आणि तो गाडीला आतून बाहेरून लावत बसले. गोळा टेकेल तिथे धार नको, असा नियम आहे. कुणाला तरी लागेल म्हणे! (ज्याच्या अंगावर माझी गाडी जाईल, तो नटबोल्टाच्या धारेची तक्रार करायला उरेल होय?) झालं, नापास. असल्या माणसांच्या हाती देश आहे, मग रस्त्यांना खड्डे पडतात यात नवल ते काय.

घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या आमच्या क्लबात गेलो तर सगळे मलाच हसले. 'अरे शहाण्या, पट्ट्या नाही लावल्यास?' डेसमंड म्हणाला. डेसमंड म्हणजे आमच्या क्लबचा खजिनदार, पण त्याचा खजिना म्हणजे बिस्किटांचा एक मोठा डबा. त्यात रबराच्या पट्ट्या आणि बोल्टांवर घालायच्या टोप्या. तपासणीच्या दिवशी जो तो त्या गाडीला चढवतो, पास झाला की उतरवतो आणि डबा पुढच्याला देतो. मुलगी दाखवायच्या दिवशी शेजारणीचे दागिने घालावेत, तसला प्रकार. मला तो मुळीच पसंत नव्हता, पण लग्न तोंडावर आलेलं. मुकाट्याने पट्ट्या चढवल्या. थ्रेलांनी त्या बरोबर ओळखल्या. 'या मागच्या महिन्यात एका लाल गाडीवर होत्या ना हो?' मी म्हटलं, 'ती हिची बहीण.' त्यांनी गोळा फिरवला, सुस्कारा सोडला आणि सही केली. नंबर 'क्यू' अक्षराचा मिळाला आहे, कारण आत चार जुन्या गाड्यांचे अवयव आहेत आणि अशा गाडीचं वय सरकार अज्ञात धरतं. (म्युरिएल म्हणते, ही सवलत बायकांना का नाही?)

सही होताच मी केंद्राच्या आवारातच पट्ट्या ओरबाडून काढल्या. तसा रिवाजच आहे. डबा पुढच्या उमेदवाराकडे रवाना झाला. गाडी आता तिच्या मूळ रूपात, तलवारीसारखी दिसते. थ्रेलांना आणि त्यांच्या गोळ्याला माझा कोपरापासून नमस्कार. शनिवारी या, चर्चच्या दारात उभे राहा आणि डोळे भरून पाहा.

तुमचा,
क्लेमंट

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. काल म्युरिएल केस कापून घ्यायला गेली असताना रोवेनाने गाडीत बसायची तालीम केली. अंगात तुमच्या आईंचा लग्नातला झगा होता. बसताना काही झालं नाही. उतरताना झालं. दाराजवळच्या एका बोल्टात लेस अडकली, ती कमरेपासून पार खालपर्यंत फाटत गेली. (लेस साठ वर्षांची होती, तेव्हा थोडा दोष तिचाही.) रोवेना रडली नाही. फाटलेलं टोक हातात धरून म्हणाली, 'बाबा, मामाला पत्र लिहा. आणि या वेळी जरा नीट लिहा.' तेच हे पत्र. सुरुवात नीटच केली होती, मध्येच तुमची टर्की आठवली.

आणखी ता. क. त्या झग्याबरोबरची डोक्यावरची जाळी तुमच्या सौ. एनिडकडे आहे, लेस तीच. ती जाळी, सुई आणि एनिड अशा तिन्ही वस्तू गुरुवारी इथे हव्यात. मागच्या दाराने या. झगा इस्त्रीला दिलाय असं म्युरिएलला सांगितलं आहे. (आणि फोन करू नका, तो तिच्याच कानाला असतो.)

शेवटचं. दुसऱ्या गाडीने जाऊ, असं मी रोवेनाला म्हणून पाहिलं. तुमच्या गाडीचं नावसुद्धा घेतलं, यावरून माझी अवस्था ओळखा. ती म्हणाली, 'इतकी वर्षं वाट बघितली ती काय मामाच्या गाडीत बसायला? याच गाडीतून जाणार. तुम्ही पट्ट्या लावा.' पट्ट्यांचा डबा पुढच्या उमेदवाराबरोबर पार कार्लाईल गावी पोचला आहे. तेव्हा येताना तुमच्या बागेचा पाण्याचा पाइप घेऊन या, सगळाच्या सगळा. उभा चिरावा लागेल, तेव्हा परत मिळणार नाही.